ताटातली अर्धी भाकर

चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच केसरबाईंनी नवऱ्याच्या ताटात उरलेली अर्धी भाकर स्वतः न खाता गाईच्या टोपलीत टाकली...!

हात धुता धुता इंद्रभान थबकले. "काऊन वं? माह्यं उष्टं आजच कडू झालं काय तुले?"

त्या भाकरीची कहाणी दोघांनाच ठाऊक होती. पिंपळगाव राजा या गावातल्या या घरात त्या नवी नवरी होऊन आल्या तेव्हा चौदा माणसं जेवायची, सुनेच्या वाट्याला रिकामं टोपलं यायचं, आणि हा अबोल माणूस भूक नाही म्हणत रोज अर्धी भाकर ताटात ठेवून उठायचा... फक्त बायकोसाठी! पुढे टोपलं भरलं, पण ती अर्धी भाकर काही थांबली नाही. स्वतःचं जेवण, वर ती माया... अंग सुटत गेलं, आणि आता तोच माणूस चारचौघांत हसायचा, "आमची मंडळी म्हणजे दाबून भरलेला कापसाचा बोरा!" त्यांनी तेही हसून सोसलं होतं.

"कडू नाही जी," त्या नजर न ढळवता म्हणाल्या. "काल पूनमसंग मलकापूरले गेली होती. डॉक्टरनं पोटाले टेप लावला. म्हणे, पोटातली चरबी नुसती बसून नाही राहत, आतल्या आत धुमसत राह्यते. रगताच्या तपासणीत सूज निघाली. कुठं दुखत नाही, पण नसा खराब करते म्हणे, साखर वाढवते..."

"मामाजी, आत्याबाईची कंबर एकशे चार सेंटीमीटर भरली," सून पूनम ओट्याजवळून म्हणाली. "ऐंशीच्या आत पाह्यजे."

इंद्रभाननी टोपलीतल्या भाकरीकडे पाहिलं. "मंग मीच... मीच तुले आजारी पाडलं काय वं?"

"तुमी मले जगवलं!" केसरबाईंचे डोळे भरून आले. "पण मले अजून जगाचं हाये. म्हणून आज नाही खाल्ली, अन् उद्याबी नाही खाणार!"

दुसऱ्या दिवशी इंद्रभाननी स्वतःच दोन ताटं मांडली, केसरबाईंना शेजारी बसवलं. ते जेवले, शेवटच्या घासानं ताट पुसून घेतलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"पाह्य... काहीच नाही ठेवलं तुह्यासाठी."

ते स्वच्छ, रिकामं ताट केसरबाईंनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं. मग पदरानं डोळे पुसले, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "चाला, मळ्यापर्यंत पायी जाऊन येऊ. तुमचा बोरा आता हलका कराचा हाये!"