काजव्यांपुढची दोन माणसं

दिवा मालवू नका, असाच राहू द्या. सांगतो.

मागच्याच आठवड्यातली गोष्ट. काजव्यांचे फोटो काढायला मी टेकडीपलीकडच्या रानात निघालो होतो. बायको म्हणाली, बाबांनाही घेऊन जा, आई गेल्यापासून नुसते एकटे बसून असतात. माझ्या कपाळाला आठी पडली. हिचे वडील म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. आवाज असा की मागच्या सीटपर्यंत जावा, आणि बोलणं माझ्या मित्रांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं करणारं. त्यांना आपल्याकडे राहायला बोलवू या म्हणून बायको वर्षभर माझ्या मागे लागली होती. तुम्हीच विचारा, म्हणायची, जावयाने विचारल्याशिवाय ते येणार नाहीत. मी आज-उद्या करत टोलवत होतो.

रानात ओल्या पाचोळ्याचा कुबट वास होता. समोर एक थोरलं झाड काजव्यांनी लगडलेलं. सगळे एकदम पेटायचे, एकदम विझायचे. सासरे हरखून म्हणाले, अहो जावईबापू, ह्यांना डबल बेल कोण देतंय? मला हसूसुद्धा आलं नाही. बोलू नका, बॅटरी लावू नका, असं दटावून मी त्यांना झाडापाशी उभं केलं. फोटोत माणसाची काळी आकृती बरी दिसते. हलू नका म्हणालो आणि लांब कॅमेऱ्यामागे येऊन बसलो.

झाड पेटलं की ते दिसत. किंचित वाकलेले, हात मागे बांधलेले. विझलं की काहीच नाही, नुसती रातकिड्यांची किरकिर. बराच वेळ असं चाललं.

मग किरकिर थांबली. झाड पेटलं, आणि आकृत्या दोन होत्या.

दुसरी त्यांच्या खांद्याला खांदा लावून. माझ्याच उंचीची. अंधार. पुन्हा उजेड. आता तिचा हात त्यांच्या पाठीवर होता आणि डोकं त्यांच्या कानाशी झुकलं होतं. 'बाबा' एवढी एकच हाक मारायची होती. नाही मारली. भीतीने तोंड उघडेना हे खरं. पण बोट बटण दाबतच होतं, हेही खरं. फोटो फार सुंदर येत होता हो. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

थोड्या वेळाने ते एकटेच चालत आले. डोळे पुसत होते.

“कॅमेरा सोडून माझ्यापाशी येऊन उभे राहिलात,” ते म्हणाले. “मला वाटायचं, तुम्हाला माझी लाज वाटते…”

माझी मान वर होईना. तो मी नव्हतो, असं सांगायला हवं होतं. पण मग इतका वेळ मी काय बघत बसलो होतो, तेही सांगावं लागलं असतं. मी कॅमेरा आवरायला लागलो.

“आणि किती हळू विचारलंत… आमच्याकडे राहायला याल का म्हणून. मी लगेच हो म्हटलं.”

अंगावर सर्रकन काटा आला. आत्ताच चला, म्हणालो, सरळ आमच्या घरी. हात धरून गाडीत बसवलं, वाटेत त्यांच्या खोलीवरून कपड्यांची पिशवी उचलली. बायको दारातच रडायला लागली. तिने माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघितलं की धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

तेव्हापासून बाबा पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसून असतात. लेकीशी नेहमीसारखं बोलतात. माझ्याशी मात्र अदबीने, परक्याशी बोलावं तसं. काल मी त्यांच्या पायाशी जाऊन बसलो. आता हेच तुमचं घर, ती पिशवी द्या इकडे, म्हणालो. त्यांनी ती घट्ट धरली.

“तुमचे फार उपकार झाले,” ते हळूच म्हणाले. “पण जावई न्यायला येतो म्हणालेत…”

“बाबा, मीच तुमचा जावई.”

त्यांनी मला नीट निरखून पाहिलं, आणि समजूत काढल्यासारखे हसले.

“नाही हो. ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले होते.”