वन टनची डावी सीट

सकाळचे सहा वाजले होते. लतीफने शेडचं शटर वर केलं, तेव्हा गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक उभा फुटलेला होता.

महिना एप्रिल. ठिकाण महाडच्या बाहेर, हायवेचा जुना रस्ता. त्या आठवड्यात दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं.

आणि ब्लॉक फुटला होता... थंडीने.

मी वर्तमानपत्रात काम करतो. दुजोरा नसेल तर ओळ लिहायची नाही, ही सवय आता सुटणारी नाही. खाली जे लिहितोय ते घडलेलं आहे. जे मी स्वतः पाहिलं नाही, तिथे तसं सांगेन.

लतीफचा धंदा ट्रान्सपोर्टचा. पण जीव जुन्या लष्करी गाड्यांत. लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्या तो विकत घेतो, वर्षं घालवून चालू करतो आणि पुन्हा विकत नाही. शेडच्या भिंतीवर पुराच्या गाळाची रेघ अजून आहे. त्या रेघेखाली दोन जीप उभ्या आहेत. तिसरी गाडी वन टन. एक टन माल नेणारा, मागे ताडपत्रीचा हौदा असलेला जुना लष्करी ट्रक. जवान त्याला वन टनच म्हणत.

ही वन टन त्याने एका माणसासाठी हातात घेतली होती.

सोमाकाका. वय ऐंशीच्या आसपास. लष्करात ड्रायव्हर होते, लडाखला. आता पोलादपूरला मुलाकडे खाटेवर असतात. हृदय थकलंय. मुलगा बुद्धरत्न शाळेत शिक्षक आहे.

काकांची मागणी एकच होती. ती त्यांनी पहिल्याच दिवशी लतीफला सांगितली.

"गाडी चालू झाली की मला एकदा वर गावाला न्यायचं. एकाला घरी सोडायचाय."

"कोणाला, काका?"

काकांनी कूस बदलली. लतीफला वाटलं, म्हातारं माणूस आहे, बोलतंय काहीतरी. डॉक्टरांनी बुद्धरत्नला सांगितलं होतं, पावसाळा निघेल याची खात्री देता येत नाही.

म्हणून घाई होती.

एप्रिलच्या सुरुवातीला इंजिन पहिल्यांदा चालू झालं. लतीफने रेडिएटर भरला, गाडी अर्धा तास चालवली, संध्याकाळी शेड बंद केली.

सकाळी रेडिएटर रिकामा होता.

गळती असेल तर खाली ओल हवी. ओल नव्हती. गाडीखाली बादली होती. काठोकाठ भरलेली.

बादली तिथे लतीफने ठेवली नव्हती.

त्याने पाण्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. पाणी गार होतं. माठातल्यासारखं नाही. बोटं दुखावीत इतकं गार.

त्याने पुन्हा पाणी भरलं. दुसऱ्या सकाळी तेच.

तिसऱ्या दिवशी तो मला घेऊन बसला. मी जुन्या गाड्यांवर रविवारच्या पानाला लेख करत होतो, म्हणून रोजच जात होतो. सूर्य मावळला. लतीफ कोपऱ्यातच नमाज पढून परत आला. शेडमध्ये अजून उजेड होता. गाडीजवळ कोणीही नव्हतं.

आणि आवाज आला.

करर्... करर्...

घट्ट बसलेली तोटी कोणीतरी फिरवावी, तसा.

मग पाण्याची धार बादलीत पडू लागली.

आम्ही दोघं उठलो नाही. धार संपेपर्यंत बसून राहिलो. ती संपल्यावर थोडा वेळ गेला आणि इंजिनाच्या दुसऱ्या बाजूची, ब्लॉकची तोटीही उघडली. क्रम बरोबर होता. आधी रेडिएटर, मग ब्लॉक.

लतीफ हळूच म्हणाला, "चोर असता तर बॅटरी नेली असती."

बुद्धरत्नला फोन लावला. स्पीकरवर.

"सर, काका कुठे आहेत?"

"खाटेवर. पेज घेतायत. का?"

लतीफने सांगितलं. 

"आबांची सवय आहे ती," बुद्धरत्न म्हणाला. "लडाखला रोज सांजेला गाडीचं पाणी काढून ठेवायचे. नाहीतर रात्री गोठतं, फुगतं आणि ब्लॉक फोडतं. मी लहान असताना आबा इथे पोलादपूरला शेजाऱ्याच्या टेम्पोचं पाणी काढायचे. मे महिन्यात. लोक हसायचे. पण आबा गेलं वर्षभर उठून मोरीपर्यंत जात नाहीत, लतीफभाई."

"मग हे कोण करतंय?"

"आम्ही भूतबीत मानत नाही."

"मी पण नाही मानत, सर. पाण्याला कसं सांगू?"

लतीफने हा किस्सा जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकला. तिथे ढिगाने सल्ले आले. कोणी म्हणालं तोटीचे आटे झिजलेत. कोणी म्हणालं पगार न देता मेकॅनिक मिळालाय, हाकलू नका. शेवटी लतीफने दोन्ही तोट्या काढल्या आणि त्या जागी पितळी बुचं बसवली. पान्याने आवळली. वरून सील लावलं.

त्या संध्याकाळी मी तिथे होतो. सूर्य मावळला.

करर्... करर्...

तोटीचा नव्हता हा आवाज. पितळेवर काहीतरी घासत होतं. बराच वेळ. मग थांबलं.

मग पुन्हा सुरू झालं. आता आवाजात जोर नव्हता. दमलेल्या माणसाच्या हातात असतो तेवढाच.

आम्ही शटर ओढलं आणि घरी गेलो.

सकाळी सहाला लतीफचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा तो फरशीवर बसला होता. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकवर वरपासून खालपर्यंत भेग होती. मी हात लावला. लोखंड गार होतं. लतीफ सांगतो की त्याने शटर उघडलं तेव्हा भेगेतून बर्फ बाहेर आलेला होता. मी पोहोचेपर्यंत तिथे फक्त पाणी होतं. मी बर्फ पाहिला नाही. म्हणून मी पाणी लिहितो.

बुचांवर ओरखडे होते. ते मी पाहिले.

दुपारी आम्ही पोलादपूरला गेलो. काकांपासून लपवायचं असं बुद्धरत्न म्हणत होता. पण काकांनी लतीफचा चेहरा पाहिला.

"तोटी बंद केलीस तू?"

लतीफने मान हलवली.

"आरं, तो दमतो रे," काका म्हणाले. रागावले नाहीत. "एवढी वर्षं रोज सांजेला तेच काम करतोय. त्याला कोणी सांगितलंच नाय का बाबा, ड्यूटी संपली."

मग त्यांनी सांगितलं. मधेमधे दम घेत.

हैबती. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या गावातला. काकांचा जोडीदार ड्रायव्हर. एका गाडीवर दोघं. काका उजवीकडे, हैबती डावीकडे. मग अदलाबदल. एका हिवाळ्यात खिंडीत बर्फ आला आणि गाड्यांची रांग अडकली. काकांना ताप होता. साहेबांनी आजाऱ्यांना खाली पाठवलं. गाडीपाशी हैबती राहिला.

रस्ता मोकळा व्हायला कित्येक दिवस लागले.

"गाडी जाग्यावर होती," काका म्हणाले. "पाणी काढलेलं होतं. हैबती नव्हता."

तो सापडला नाही. बेपत्ता, मग मृत असं कागदावर आलं.

"आणि ती गाडी हीच?" मी विचारलं.

"हीच हाय."

याला पुरावा नाही. मी शोधला. गाडीवर रंगाचे इतके थर आहेत की जुना नंबर वाचता येत नाही. काका म्हणतात हीच. मी फक्त एवढंच लिहू शकतो.

बाहेर आल्यावर बुद्धरत्न ओट्यावर बसून राहिला.

"आबांना त्या गाडीत बसवू की नको, मला कळत नाही," तो म्हणाला. "नाही बसवलं तर जीव त्यात अडकेल. बसवलं तर..."



ग्रुपवरच्या एका माणसाकडे साताऱ्याला जुना ब्लॉक मिळाला. लतीफने बाकीची कामं बाजूला ठेवली. महिनाभरात इंजिन बांधलं. तोट्या पुन्हा लावल्या. संध्याकाळी त्या उघडत होत्या. आता आम्ही बादली स्वतःच ठेवत होतो.  सगळेच दमलो होतो.

मेच्या शेवटी, सकाळीच निघालो. काकांसाठी मागे हौद्यात गादी टाकली. पुढे डावीकडे बसा म्हटलं तर ते म्हणाले, "ती जागा त्याची हाय."

म्हणून लतीफ चालवत होता आणि डावी सीट रिकामी होती. मी आणि बुद्धरत्न मागे, काकांजवळ. मधल्या खिडकीतून पुढचं दिसत होतं.

पोलादपूर सोडून घाटाला लागलो. ऊन कडक. लतीफच्या शर्टाची उजवी बाजू घामाने भिजली होती. डावी बाजू कोरडी होती.

समोरच्या काचेचा डावा अर्धा भाग... आतून धुरकट झाला होता.

श्वासाने होतो तसा.

लतीफने फडक्याने पुसला. वळण संपेपर्यंत पुन्हा धुरकट.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथे हैबतीची धाकटी बहीण राहते. राहीबाई. नवरा गेल्यावर माहेरच्या घरी परत आलेल्या. एकट्याच. आम्ही येणार हे त्यांना कळवलं नव्हतं.

लतीफने अंगणात गाडी थांबवली. काकांना आम्ही उचलून खाली घेतलं. आमच्या आधाराने ते डाव्या दारापाशी गेले आणि कडी धरून उभे राहिले.

"हैबती. घर आलं. उतर."

काही झालं नाही.

"उतर रे. राही बघ कवढी झाली."

राहीबाई दारात आल्या होत्या. त्यांनी आम्हाला कोण, काय विचारलं नाही. चालत गाडीपाशी आल्या आणि डाव्या सीटकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या शेजारीच होतो. सीट रिकामी होती.

"नका उठवू," त्या म्हणाल्या. "लय दमलेला दिसतोय. सोमादादा, तुमी आत या. पाणी घ्या."

काकांनी कडी सोडली.

परत निघताना गाडी सुरू झाली नाही. बॅटरी चांगली, पेट्रोल येत होतं, ठिणगी येत होती. लतीफने सगळं दोनदा तपासलं. शेवटी गावातली एक जीप करून आम्ही काकांना घरी आणलं. डॉक्टरांचा हिशेब अजून तरी चुकतोय. काका आहेत. पहिल्यापेक्षा बरं जेवतात.

तीन दिवसांनी लतीफ मेकॅनिक घेऊन गाडी आणायला गेला. राहीबाई अंगणातच होत्या.

"झोपलाय तो," त्या म्हणाल्या. "उद्या ये."

लतीफसारखा माणूस. ज्याने एकही गाडी कधी दुसऱ्याच्या दारात ठेवली नाही. तो परत आला.

त्यानंतर तो चार वेळा गाडी आणायला गेलाय. दर वेळी तेच उत्तर. मी विचारलं, बळजबरीने का आणत नाहीस? तो म्हणाला, "गाडीच्या मागे जाऊन बघ एकदा. मग बोल."

मी गेलो. गाडी सपाट अंगणात उभी आहे. चारही चाकांत हवा सारखी. हौदा रिकामा. पण डावीकडचे स्प्रिंगचे पाटे दाबलेले आहेत. उजवीकडचे नाहीत. डाव्या सीटवर माणूस बसल्यावर दिसावं, तेवढा फरक आहे.

आता तिकडे भाताची लावणी चालू आहे. काका रोज संध्याकाळी बुद्धरत्नला एकच विचारतात.

"उतरला का रे?"

बुद्धरत्न लतीफला फोन करतो. लतीफ जमेल तेव्हा वर जाऊन बघून येतो.

काल तो गेला होता. गाडी अजून डावीकडे कललेली आहे.