लायटर का हरवला नाही?

"मामा, बटण मी दाबणार!" पिंगी ओरडली.

"आज इंजिनिअरला दाबू दे गं," मामा म्हणाला.

झालं! पिंगीच्या अंगाचा तिळपापड झाला. दर सुट्टीत मामाच्या खानावळीतल्या भाज्या चिरायच्या मोठ्या मशीनचं बटण तीच दाबायची. यंदा मामीचा हा भाचा आला, त्यानं एक पंखा काय दुरुस्त केला, आणि सगळे त्याला डोक्यावर घेऊन नाचायला लागले. नावसुद्धा ठेवलं, इंजिनिअर!

इंजिनिअरनं बटण दाबलं. मशीन ढिम्म!

'बरं झालं!' पिंगी मनात म्हणाली. मग तिला कोबीचा डोंगर दिसला. दुपारी अख्ख्या कारखान्याचं जेवण जायचं होतं.

मेकॅनिक आला. त्यानं बटण दोनदा दाबलं, मशीनवर थाप मारली आणि निकाल दिला, "मोटार जळली. घेऊन जातो. आठवडा लागेल."

"आठवडा!" मामानं कपाळावर हात मारला. मेकॅनिक टेम्पो दाराशी आणायला गेला.

"जळली, तर वास कुठंय?" इंजिनिअर पुटपुटला. मशीनचा प्लग काढून त्यानं तिथं मिक्सर लावला. मिक्सर घरघरला. "वीज आहे!" मग त्यानं मशीनचं झाकण उलटं केलं. "हे बघ! झाकण बसलं की यातलं लोहचुंबक आतल्या स्विचला कळवतं, मगच पातं फिरतं. नाहीतर बोटं जायची! पण चुंबकाच्या खणाचं बूच सैल झालंय आणि खण रिकामा आहे. पडलंय कुठंतरी!"

तो सिंकखाली घुसला. पाठोपाठ पिंगीचा धाकटा भाऊ ढब्बूही घुसला.

"इथे फक्त झुरळ आहे!" ढब्बू आतून ओरडला.

पिंगी हाताची घडी घालून उभी होती. एकदम तिच्या लक्षात आलं, आज आचारीकाकांची आरोळी कशी नाही? 'माझा लायटर कुठंय?' असं ओरडल्याशिवाय त्यांची चूल कधी पेटत नसे. आज तो लोखंडी लायटर फ्रिजच्या दाराला चिकटून ऐटीत लटकत होता.

तिला सगळं कळलं. पण ती गप्प बसली. 'शोधू दे शहाण्याला! होऊ दे फजिती!'

मेकॅनिकनं मशीन उचललं. इंजिनिअर बाहेर आला, केसांत कोळ्याची जाळी, डोळ्यांत पाणी. "नाही सापडलं," तो म्हणाला. पिंगीला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तसं काही वाटेना.

"थांबा!" तिनं धावत जाऊन लायटर ओढला. मागे काळं चुंबक होतं!

"अरेच्चा!" आचारीकाका ओशाळले. "काल भांडी घासताना मोरीत सापडलं. म्हटलं, लायटरची सोय झाली!"

मेकॅनिकनं मशीन परत खाली ठेवलं. इंजिनिअरनं चुंबक खणात बसवलं, वरचं बूच घट्ट दाबलं, झाकण लावलं, मशीनचा प्लग पुन्हा जोडला आणि तो बाजूला सरकला. "बटण तू दाब."

घुर्रर्र! कोबीचा नुसता पाऊस!

"मी म्हणतच होतो, आधी झाकण बघावं," म्हणत मेकॅनिकनं काढता पाय घेतला.

"शाब्बास!" मामानं दोघांच्या पाठी थोपटल्या. "दोघांनी आज माझी लाज राखली!"

त्या 'दोघांनी'मुळे पिंगीला अजूनही जरासं टोचलंच. "ऐक," ती हळूच म्हणाली, "मला आधीच कळलं होतं. मी मुद्दाम गप्प बसले. तुझा फार राग येत होता."

इंजिनिअर हसला. "मी पंखा का दुरुस्त केला, माहितीये? आल्या दिवसापासून सगळे तुझ्याच बटणाचं कौतुक सांगत होते!"

पिंगीलाही हसू फुटलं. तेवढ्यात मागून आरोळी आली, "अरे, माझा लायटर कुठंय?"