गोठ्यापर्यंतचा दोर

"बाबा, आपल्या आधी या घरात राहायचा तो हाल्वर शेवटी सापडला का हो?"

शाळेतल्या मुलींनी एनिडला डिवचलं होतं, हिंमत असेल तर घरी विचारून दाखव. तिनं भर जेवणात विचारून टाकलं.

बाबांचा चमचा थांबला.

"नाही," ते म्हणाले. "बर्फ वितळल्यावरसुद्धा नाही."

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. कॅनडातल्या सस्कॅचवानचं माळरान, १९११चा जानेवारी, भर दुपार.

वॉल्टर प्लॅट, म्हणजे एनिडचे बाबा, इंग्लंडमध्ये ट्रामवर तिकिटं फाडायचे. इथे गाई सांभाळायचे. शेजारी त्यांना 'कंडक्टर साहेब' म्हणून चिडवायचे.

उन्हाळ्यात ते इथे आले, तेव्हा घराच्या दारापासून गोठ्यापर्यंत जाड दोर बांधलेला होता. कपडे वाळत घालायची केवढी सोय! आई हरखूनच गेली. थंडीत कपडे बाहेर वाळेनात, तेव्हा तिनं तो सोडून, नीट गुंडाळून पेटीत ठेवला.

दोर शेजाऱ्यांनी बांधला होता. हाल्वर वादळात घर आणि गोठ्याच्या मध्येच हरवला, त्यानंतर. हिमवादळात धरून चालायला. पण ट्रामवाल्यांना हे सांगावं लागेल, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

जेवून बाबा गोठ्यात चारा टाकायला गेले.

आणि वारा सुटला.

गोठा दिसेना. कुंपण दिसेना. नुसतं पांढरं...

एनिड दारात उभी राहून पातेलं बडवत होती. हाका मारून घसा बसला. आईनं मागून तिचा झगा गच्च धरला होता.

मग दाराच्या चौकटीतलं, पूर्वी दोर बांधलेला असायचा ते लोखंडी कडं...

करकरलं.

कड्यात काहीच नव्हतं. तरी ते गोठ्याच्या दिशेनं ताणलं गेलं होतं.

पुन्हा करकरलं.

पांढऱ्यातून बाबा आले. हात पुढे, मूठ आवळलेली.

"बरं झालं दोर बांधलास," ते आईला म्हणाले. "नाहीतर गेलोच होतो."

आईनं पेटी उघडली. दोर आतच होता. कोरडा.

बाबांनी मूठ उघडली. हातमोजा फाटला होता. तळव्यावर दोराच्या पिळाचा लाल वळ...

"माझ्यापुढे कुणीतरी चालत होतं," ते हळूच म्हणाले. "दार आलं, तसं ते बाजूला झालं. मला वाट दिली."

आईनं धावत जाऊन दाराला अडसर घातला. वादळ शमलं की सामान बांधायचं, हे घर सोडायचं, असं दोघांचं ठरलंसुद्धा.

तेवढ्यात बाहेर, पायरीवर...

धप. धप.

घरात येण्याआधी बुटांवरचा बर्फ झटकावा, तसं.

मग शांतता. कुणीतरी थांबलं होतं.

एनिड उठली. तिनं अडसर काढला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

"आई, बाबा, तुम्हाला जायचं तर जा. मी इथेच राहणार. आणि मी असेपर्यंत हे दार आतून बंद होणार नाही."