दोनशे चौदाऐवजी दोनशे तेरा

दिल्लीत सकाळी अकराला सभापती आत आले. सगळे उठले, नमस्कार झाले, सगळे बसले.

हिरडमाचीचा सूर्य हिवाळ्यात पावणेपाचला मावळतो. पंचांगात काहीही लिहिलेलं असो, पश्चिमेला डोंगर आहे.

आशावहिनीला चौथा महिना लागला होता आणि तिला नाचणीची भाकरी करपवून हवी होती.

बेल्ह्याच्या बाजारात एकाने बैल विकत घेताना विचारलं, "लंगडत न्हाई ना?" विकणारा म्हणाला, "उभा असताना न्हाई."

राज्यसभेत ज्या प्रश्नावर ताऱ्याची खूण नसते, त्याला कोणी उभं राहून उत्तर देत नाही. छापील उत्तर पटलावर ठेवतात. ठेवलं की दिलं.

घोडेगावहून तळेघरला येणारी एसटी साडेअकराला पोचते, साडेतीनला परत फिरते. तिसरी वेळ नाही.

*

तर हे सगळं एका दुपारी तळेघरात, गेणभाऊंच्या चहाच्या टपरीवर एका बाकड्याशी येऊन थांबलं. साल दोन हजार एक, जानेवारी संपत आलेला.

अश्विनी हिरडमाचीहून तासभर डोंगर उतरून पोस्टात आली होती. जाडजूड लिफाफा होता, दिल्लीचा. पाच महिन्यांपूर्वी, ऐन पावसात, तिन्हीसांजेला गावातल्या साळुबाईला साप चावला. अश्विनीच्या घराच्या पडवीत सरकारने बसवलेला गावचा फोन होता, त्यात नुसती शांतता. साळुबाईला झोळीत घालून खाली नेलं. जीव राहिला, पाय गेला. त्या आठवड्यात अश्विनीने ओतूरच्या कॉलेजातल्या सरांकडून राज्यसभेतल्या एका बाईंचा पत्ता मिळवला आणि चार पानं लिहिली. बाईंनी खरंच प्रश्न विचारला. उत्तराची प्रत तर पाठवलीच, वर त्या दिवसाच्या कामकाजाची सगळी यादीही जोडली.

अश्विनीने आधी ती यादीच वाचली. तीन महामंडळांचे वार्षिक अहवाल पटलावर ठेवले. दोन समित्यांचे अहवाल ठेवले. एका कंपनीचा हिशेब उशिरा ठेवला आणि उशीर का झाला त्याचं निवेदनही ठेवलं. मग दीडशेवर प्रश्नांची उत्तरं ठेवली. मग जेवणाची सुट्टी.

"ठेवलं, ठेवलं, ठेवलं," ती म्हणाली. कोणाला नाही, कागदाला. "दिवसभर नुसतं ठेवलंच. उचललं कोणी?"

शेजारच्या बाकड्यावर एकजण बशीतून चहा पीत होता. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीतून पक्कड डोकावत होती. एसटीतून नुकताच उतरला असावा, केसांवर धूळ होती. डोळे मात्र धुतल्यासारखे…

"काय हरवलं का?" त्याने विचारलं.

"हरवलं न्हाई. हितंच छापलंय. हे बघा." तिने कागद त्याच्यापुढे धरला. रागात माणूस ओळख बघत नाही. "आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरी गावातले सरकारी फोन. चालू दोनशे चौदा. आता खाली या. सत्त्याऐंशी नंबर."

त्याचं बोट यादीवरून उतरत गेलं. "हिरडमाची. चालू." त्याने मान डोलावली. "बरोबर हाय की."

"कोण म्हणतं बरोबर?"

"मी म्हणतो. मीच लिवलंय ते."

गेणभाऊंनी चहाचं भांडं विस्तवावरून खाली घेतलं. त्यांना पुढचं ऐकायचं होतं.

*

त्याचं नाव सुदर्शन. जुन्नरकडचा. टेलिफोन खात्यात सहा वर्षं रोजंदारीवर लाइनमन, कायम होण्याच्या यादीत नाव लागायचं होतं. डोंगरातले सव्वीस फोन त्याच्याकडे. महिन्याला एकदा प्रत्येक ठिकाणी चढायचं, रिसिव्हर उचलायचा, एक्स्चेंजला बोलायचं आणि वहीत लिहायचं. रकान्यात दोनच शब्द चालत: चालू किंवा बंद. पावसाळ्याचे तीन महिने वर चढणं होत नसे, तेव्हा कार्यालयातच मागचा शब्द पुढे उतरवत. तो शब्द घोडेगावहून पुण्याला, पुण्याहून मुंबईला, मुंबईहून दिल्लीला गेला आणि तिथे मंत्र्यांच्या सहीने पटलावर बसला.

अश्विनी त्याच्यापुढे दहा पावलांचं अंतर ठेवून चढत होती. मागे वळून बघत नव्हती.

"ताई, जरा दमानं—"

"ताई म्हणू नका."

"मंग?"

"काहीच म्हणू नका. फोन बघा."

दुपारी एकचं ऊन पडवीत उतरलं होतं. अंगणातल्या खांबावर सोलरची प्लेट चकाकत होती. सुदर्शनने रिसिव्हर उचलला. आवाज आला, घुमणाऱ्या भुंग्यासारखा, स्वच्छ. त्याने एक्स्चेंजला फोन लावला. "हिरडमाचीहून बोलतोय. येतोय आवाज? आं… बरं." त्याने रिसिव्हर तिच्यापुढे धरला. त्यापेक्षा तो बोलला असता तर बरं झालं असतं.

"रातीला बंद असतो," ती म्हणाली. "पावसात बंद असतो. माणूस मरायला टेकलं की बंद असतो."

"मी जवा येतो तवा चालू असतो."

"मंग तुमी चुकीच्या वेळी येता."

"गाडी याच वेळी येती, त्याला मी काय करू?"

आशावहिनी आतून करपलेली भाकरी खात बाहेर आली, दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पावण्यांना पाणी तरी दे. भांडण काय, पळून जात न्हाई." अश्विनीने पाणी दिलं. तांब्या जरा आपटलाच. सुदर्शनने वहीत 'चालू' लिहिलं आणि साडेतीनची गाडी गाठायला निघाला. खालच्या वळणावर त्याने वर पाहिलं. ती अजून अंगणात उभी होती, कमरेवर हात ठेवून.

वहिनीला श्रावणाच्या अलीकडे दिवस भरायचे होते. आषाढ. मुसळधार. जीप तळेघरात, माची वर, मध्ये तासाची निसरडी वाट आणि पडवीत ऊन असेपर्यंतच बोलणारा डबा. अश्विनीला त्या माणसाचा राग आला होता. त्याहून जास्त राग आला तो यामुळे, की तो खोटं बोलत नव्हता.

*

फेब्रुवारीत तो पुन्हा आला. पुन्हा ऊन, पुन्हा आवाज, पुन्हा वही.

या वेळी तिने भांडण काढलं नाही. यादीतल्या भाषेत विचारलं, "सन्माननीय लाइनमन सांगतील का, की त्यांनी हा फोन दिवस मावळल्यावर कधी उचलला हाय?"

सुदर्शन हसला. "माहिती गोळा करन्यात येत हाय. आली की पटलावर ठेवन्यात येईल."

"पुरवणी प्रश्न. कधी?"

तो हसायचा थांबला. घड्याळात पाहिलं. दोन वाजले होते, उतरायची वेळ. त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं.

"गाडी?" तिने विचारलं.

"चुकली."

"अजून दीड तास हाय."

"तरी पन चुकली."

मग दोघं पडवीत बसून राहिली. मध्ये फोनचा डबा. अर्ध्या तासाने रिसिव्हर उचलायचा, कानाला लावायचा, दुसऱ्याकडे द्यायचा. रिसिव्हर हातातून हातात जाताना दर वेळी थोडा उशीर होऊ लागला… कोणामुळे, ते सांगता येणार नाही. तो सांगत होता, त्याचा चुलता मेंढरं घेऊन हिंडायचा, ओतूरच्या पुढे पाण्यासाठी चार-चार मैल. ती सांगत होती, कॉलेजात वादविवादात तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं. "पटलंय," तो म्हणाला.

डोंगराची सावली अंगणात आली. खांब चढली. सव्वापाचच्या सुमाराला प्लेटीवरून ऊन निघून गेलं आणि त्याच्या कानातला भुंगा बारीक झाला, अडखळला, थांबला.

सुदर्शनने तीनदा हुक दाबला. मग डब्याचं झाकण उघडलं. बॅटरी फुगली होती, कडेला पांढरी भुकटी. दिवसा प्लेटच्या जोरावर चालणारं यंत्र, साठवणारं काही उरलंच नव्हतं.

हा फोन बसून तीन वर्षं झाली होती. छत्तीस महिने. त्याने मनातल्या मनात सगळ्या वह्या उलटल्या असाव्यात. मान वर करेना.

अश्विनीने या क्षणासाठी फार धारदार वाक्य घडवून ठेवलं होतं. ते तिने गिळलं. आत जाऊन कोरा चहा आणला आणि कप त्याच्या हातात दिला, या वेळी न आपटता.

त्याने वहीत 'बंद' लिहिलं. तेवढ्यावर भागेना, म्हणून समासात बारीक अक्षरात लिहिलं: ऊन असेपर्यंत बोलतो, माणसं मात्र चोवीस तास आजारी पडतात. खाली सही केली आणि अंधारायच्या आत तळेघरची वाट धरली. त्या रात्री तो गेणभाऊंच्या टपरीत झोपला.

*

कार्यालयातल्या साहेबांनी ती वही दोनदा वाचली.

"दिल्लीनं सांगितलंय चालू," ते म्हणाले. "मंत्र्यांची सही आहे. संसदेत ठेवलंय. आणि तू म्हणतोस बंद? तू कोण?"

"दिल्लीला मीच सांगितलं व्हतं, साहेब."

"मग आता गप्प बस."

"न्हाई बसत."

मार्चमध्ये कायम होणाऱ्यांची यादी लागली. अकरा नावं होती. सुदर्शनचं नव्हतं.

हे त्याने अश्विनीला माचीवर येऊन सांगितलं, जणू बाजारभाव सांगावा तसं. ती ऐकत राहिली. मग उठली, आत गेली, कागद आणला आणि पडवीतच बसून दिल्लीच्या बाईंना दुसरं पत्र लिहायला घेतलं. पेनाचं टोक कागदातून आरपार जात होतं.

"एवढं दाबून कशाला लिवता?"

"पार दिल्लीपतुर उमटलं पायजे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "सहा वर्षं राबवलं. खोटं आपोआप लिवलं गेलं तवा चाललं. खरं लिवलं तर नाव कापलं. आणि तुमी हसताय."

"मी रडलो असतो तर तुमी पत्र लिवलं असतं का?"

तिने पेन थांबवलं. मग म्हणाली, "लिवलं असतं."

"का?"

"माहिती गोळा करतेय," अश्विनी म्हणाली आणि पत्रात तोंड घातलं. तिचे कान लाल झाले होते. धर्माजी, तिचा बाप, ओसरीवर दोरी वळत बसला होता. त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने आकाशाकडे पाहिलं.

*

मे महिन्यात बॅटरी मंजूर झाली. तळेघरपर्यंत जीपने, तिथून सुदर्शनच्या खांद्यावर. डोंगर चढून आला तेव्हा शर्टाला आम्लाने भोकं पडली होती. तासाभरात बॅटरी बसवली आणि कोणाशी धड न बोलता साडेतीनच्या गाडीने परत गेला. अश्विनीला ते फार लागलं. एवढं केलं आणि चहालासुद्धा थांबला नाही…

रात्रीचं जेवण व्हायचं होतं. साडेआठ वाजले होते. बाहेर मिट्ट काळोख, आणि पडवीत फोन वाजला.

अख्खं घर जागच्या जागी उभं राहिलं. अश्विनीने रिसिव्हर उचलला.

"हिरडमाची?" घोडेगावचं एक्स्चेंज. त्याचाच आवाज.

"हिरडमाची बोलतेय."

"ऊन हाय का तिथं?"

"न्हाई. चिमणी लावलीय."

"मंग चालू हाय म्हना."

"हाय." तिला आणखी काही सुचेना. वादविवादात पहिलं बक्षीस मिळवलेल्या मुलीला. "म्हणून पळालात व्हय साडेतीनला?"

"हितं पोचायचं व्हतं. अंधारात वाजवून बघायचा व्हता." मग त्याने आवाज बारीक केला. "अश्विनी…"

त्याने पहिल्यांदा नाव घेतलं होतं.

"ऐकतेय."

"मी रोजंदारीचाच हाय अजून. पुढचं काय सांगता येत न्हाई. पन… तुमच्या बाला इचारायला येऊ का?"

तिने रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला. मागे वहिनी, बाप, शेजारची गजराबाई, सगळी पडवी कान झाली होती.

"या," ती म्हणाली. "पर मुक्कामाला या. साडेतीनला परत जानारा मानूस आमच्याकडं चालत न्हाई."

*

आषाढात, धो धो पावसात, संध्याकाळी सात वाजता आशावहिनीला कळा सुरू झाल्या. अश्विनीने फोन लावला. जीप वाटेच्या पायथ्याशी येऊन थांबली, वर चार माणसं झोळी घेऊन तयार होती. घोडेगावच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप. साळुबाईने कुबडी टेकत येऊन बाळाची दृष्ट काढली आणि जाताना पडवीतल्या डब्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली.

ऑगस्टमध्ये, एका साध्या कामकाजाच्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमाराला, राज्यसभेच्या पटलावर आणखी एक कागद ठेवण्यात आला. आधीच्या उत्तराची दुरुस्ती. 'दोनशे चौदा'ऐवजी 'दोनशे तेरा' असे वाचावे. अनुक्रमांक सत्त्याऐंशी, हिरडमाची: बंद. बाईंनी त्याचीही प्रत पाठवली.

सुदर्शन त्या दिवशी माचीवरच होता, सुपारी फुटून आठ दिवस झाले होते. अश्विनीने त्याला कागद वाचून दाखवला. वाचत असतानाच शेजारी फोन खणाणला. तिने उचलला, बोलली, ठेवला.

"आता आपन बंद हाय," ती म्हणाली. "दिल्लीनं सांगितलंय."

"पुन्हा लिवणार?"

"लिवणार. तुमी शाई आना."

त्याने शाई आणली. ती लिहायला बसली, तो तिच्या शेजारी बसला, कागद वाऱ्याने उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर बोट ठेवून. गाडीची वेळ टळून गेली.

मे महिन्यात बसवलेली हिरडमाचीची ती बॅटरी एकोणीसशे नव्व्याण्णवच्या मार्चपासून खात्याच्या गोदामात होती. तिच्या खोक्यावर खडूने गावाचं नाव लिहिलेलं होतं; वहीत 'चालू' होतं, म्हणून ती कोणी उचलली नव्हती.