सोमवारचा निरोप

येसाजी भुतांना भीत नसे, फक्त त्यांचा विषय निघालेला त्याला आवडत नसे. तीस वर्षे टेलिफोनच्या खांबांवर चढून तो निवृत्त झाला होता आणि आता मल्लेश्वरममध्ये नीलिमा हुद्दारच्या गुप्तहेर कचेरीत मदतीला बसे. त्यामुळे १९९६ सालच्या त्या शुक्रवारी सुप्रीता समोर बसून म्हणाली, "माझे गेलेले वडील आईला घर विकायला सांगताहेत," तेव्हा त्याने आधी दाराकडे पाहिले.

सुप्रीताचे वडील, इंजिनिअर नरसिंहराव, वर्षापूर्वी वारले. त्यांच्याकडे टीव्हीला जोडायचा बारा वर्षे जुना घरगुती कॉम्प्युटर होता. विसराळू बायकोसाठी त्यांनी तो असा बेतला होता की कळ दाबली की एकच ओळ उमटे : 'वसू, गोळी घेतलीस?' ते गेल्यावरही वसुमतीबाई रोज सकाळी ती ओळ वाचत आणि मगच गोळी घेत. पंधरा दिवसांपूर्वी मात्र ती ओळ बदलली.

"सोमवारी दुपारी बिल्डर कागद घेऊन येणार," सुप्रीता म्हणाली. "माझी एकादशी आहे, पण उपाशीपोटी का होईना, मी हजर राहीन. त्या घरातून उचललं तर आई टिकायची नाही."

दुसऱ्या दिवशी नीलिमा आणि येसाजी त्या घरी गेले, तेव्हा वसुमतीबाईंनी दोघांना कॉफी दिली आणि कळ दाबली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द उमटले : 'वसू, सोमवारी एकादशी आहे. त्या दिवशी घराच्या कागदांवर सही कर. सुप्रीताकडे राहायला जा.'

धीर करून येसाजीने यंत्राच्या मागे हात घातला. एक वायर विजेची, एक टीव्हीची. बाहेरून निरोप आणणारी तिसरी कुठलीच नव्हती, प्रोग्रॅम चढवायची कॅसेटही नव्हती.

"हे तेच आहेत, अशी खात्री आहे तुमची?" नीलिमाने विचारले.

"मला वसू म्हणणारं दुसरं कोण उरलंय? तारीख तेवढी चुकले. आमच्या मठाच्या पंचांगात एकादशी मंगळवारी आहे. तिकडे पंचांग कुठून मिळणार त्यांना?"

येसाजीला गहिवरून आले. म्हातारी मेलेल्या नवऱ्याची चूकही पोटात घालत होती. यंत्राला कोणी हात लावला का, असे विचारल्यावर बाई म्हणाल्या की कोणी नाही. टीव्हीचे चित्र हलत होते, ते तेवढे जावयांनी मध्यंतरी एका संध्याकाळी येऊन पाहिले आणि दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी परत येऊन नीट केले.

वरच्या मजल्यावर पुतण्या वादिराज राहत होता. कपाळावर आणि दंडांवर गोपीचंदनाच्या मुद्रा, नोकरी बँकेत. घर विकले तर बिल्डर त्याला फ्लॅट देणार होता आणि हे त्याने लपवले नाही. "पण अक्का, त्या डब्याजवळ मी जात नाही," तो कानडी वळणाने नीलिमाला म्हणाला. "स्वल्प भीती वाटते."

चिकपेटच्या बोळात दामोदरचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. तो जुना कॉम्प्युटर त्याने दोनदा विकत मागितला होता. आधी प्रोग्रॅम चढवायला चार मिनिटे कॅसेट वाजवावी लागे. मग त्यानेच नरसिंहरावांना चिपची पट्टी बसवून दिली. कळ दाबली की ओळ हजर.

"त्यातले शब्द आपोआप बदलतील?" नीलिमाने विचारले.

"छे. विशिष्ट दिव्याखाली धरली तर चिपवरचं लिहिलेलं पुसलं जातं, म्हणून तिच्यावरच्या छोट्या काचेवर मी लाल टेप लावली. पुन्हा लिहायला वेगळं यंत्र लागतं. ते माझ्याकडे नाही, मीही बाहेरून लिहून आणली होती."

शेवटी सुप्रीताच्या घरी, भिंतीवरच्या पुण्याच्या कॅलेंडरखाली, तिचा नवरा अद्वैत भेटला. मूळचा पुण्याचा, बोम्मसंद्र्याला इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. आईंनी एकटे राहू नये असे त्यालाही वाटत होते. भूतबीत मात्र तो मानत नव्हता. आपण यंत्राला कधी हात लावला नाही, असेही त्याने सांगितले.

येसाजीचा संशय वादिराजवर होता. फ्लॅट कोणाला नको असतो?

सोमवारी दुपारी बिल्डरला बाहेर व्हरांड्यात बसवून नीलिमाने सगळ्यांना आत बोलावले आणि यंत्राचे चार स्क्रू काढले. चिपवर पांढरा कागद चिकटवला होता.

"दामोदरने लाल टेप लावली होती. भुताला टेप बदलावी लागत नाही," ती म्हणाली. "दामोदरला कॉम्प्युटर हवाय, घर विकून त्याला काय मिळणार? आणि चिप परत लिहिण्याचं यंत्रही त्याच्याकडे नाही. वादिराजना फ्लॅट हवाय. पण ते मठाचे. त्यांची एकादशी उद्या. काकांच्या नावाने ते सोमवार लिहिणार नाहीत. हा निरोप ज्या घरातून आला, तिथे एकादशी आज आहे. आज इथे उपाशी कोण आहे?"

मग सुप्रीता अगदी हळू म्हणाली, "मी. लग्नानंतर मी सासरची एकादशी धरते."

"तुम्ही स्वतः माझ्याकडे आलात, म्हणून तुम्ही नाही. पण तुमच्या घरच्या भिंतीवर पुण्याचं कॅलेंडर आहे. टीव्ही नीट करायला कोण आलं होतं? आणि वजनकाट्यांच्या चिप कुठे लिहितात, अद्वैतराव?"

सुप्रीता नवऱ्यापासून दूर सरकली. येसाजीला वाटले होते, आता हा आरडाओरडा करील. पण अद्वैत खाली बघत म्हणाला, "या घराच्या पैशांतून मोठा फ्लॅट घ्यायचा होता. त्यात आईंची खोली होती. सरळ विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या."

"मग विचारा की आता," वसुमतीबाई म्हणाल्या.

अद्वैतने मान वर केली. "घर विकाल, आई?"

"नाही. त्यांना नाही म्हणणं मला जन्मात जमलं नाही. तुम्हाला नाही म्हणणं जमतंय."

व्हरांड्यातल्या बिल्डरला वादिराजने वाटेला लावले. सुटलो, असे येसाजीला वाटले. तेवढ्यात वसुमतीबाई जावयाला म्हणाल्या, "मग ती आधीची चिप द्या मला."

अद्वैतने उघड्या यंत्रातल्या चिपकडे बोट दाखवले. "तीच आहे ही," तो म्हणाला. "पुसून तिच्यावरच लिहिलं."

"म्हणजे ते आता कुठेच नाहीत?"

वसुमतीबाईंनी टीव्ही बंद केला, पदराने त्याची काच पुसली आणि त्या आत गेल्या. सुप्रीताही पाठोपाठ गेली आणि तिने नवऱ्याच्या तोंडावर दार लावून घेतले.

वर्षापूर्वी नवऱ्याला घरातून नेले तेव्हा ही बाई रडली नव्हती, असे वादिराज दबक्या आवाजात म्हणाला. आज आतून तिचे रडणे ऐकू येत होते. नीलिमा निघायची खूण करत होती, पण येसाजीचा पाय निघेना. आतला आवाज थांबेपर्यंत तो पायरीवर बसून राहिला.