सरावांक

शवागारात आणलेल्या नऊ प्रेतांपैकी एकाच्या नाकपुड्यांत कापसाचे बोळे आधीच होते. ते कोणी घातले, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते.

ते प्रेत केदार टिपणीसचे होते. ओळख पटवायला त्याची थोरली बहीण मृणालिनी आली होती. केदार आणि बाकीचे आठ जण ज्या लस-शीतगृहात कामाला होते, तिथेच पूर्वी तीही होती. बिघडलेल्या लसी बाजारात गेल्याचे तिने सरकारला कळवले आणि नोकरी गमावली. पुढे तिला कोणी दारातही उभे केले नाही.

"लसी गोठवायचा नायट्रोजन गळला, खोलीतला प्राणवायू संपला," कंपनीचे मेंदूतज्ज्ञ डॉ. फणसळकर म्हणाले. "त्याला वास नसतो, म्हणून आपण कुजक्या कांद्याचा वास मिसळतो. दार उघडं होतं. तरी एकही उठला नाही."

"नऊही जणांची नाकं बंद होती?"

"नाकं नव्हे, बाई, मेंदू. वास तोच राहिला की मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. किती लवकर सोडतो, तो सरावांक. वासाचा सराव लवकर होणाऱ्याला गैरप्रकाराचाही होतो. तुमच्यासारख्यांना कशाचाच होत नाही." ते किंचित हसले. "तुमच्या प्रतापानंतर आम्ही तसली माणसं घेणंच बंद केलं. मेंदूतले संकेत टिपणारी शिरपट्टी बांधून काम करायचं. मध्येच, न सांगता, आम्ही वास सोडतो. दहा मिनिटांत मेंदूतला संकेत विझला नाही, तर घरी."

"कुठला वास सोडता?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "तोच. कांद्याचा. आयता होता."

म्हणजे वास आल्यावर सगळ्यांना ती चाचणीच वाटली. दहा मिनिटांनंतरही तो टिकून आहे, हे कळायला ज्याला वास येतच राहतो असा माणूस हवा होता.

"तुमच्या भावाचा सरावांक तर सर्वोत्तम," डॉक्टर म्हणाले. "मग त्याला कापूस कशाला?"

मृणालिनीने त्या बोळ्यांकडे पाहिले. मुलाखतीआधी केदार कुरकुरला होता, "ताई, मला वास जाता जात नाही गं. तुझंच नाक आलंय माझ्याकडे."

"मग बूच मार त्याला," ती म्हणाली होती. "घरात एक हरिश्चंद्र पुरे झाला."

नऊ जणांत अखेरपर्यंत वास येऊ शकेल असा केदार एकटाच होता. वास येताच त्याने खिशातले बोळे नाकात घातले. ते त्याला बहिणीने वळून दिले होते.